चिंधीचं पस्तान

नेपाळला गाडीनं जायचं हे खूळ नवऱ्याच्या डोक्यात शिरलं ते आमची सेकंडहँड गाडी दारात उभी राहिली त्याच दिवशी. नेपाळच का? तर पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही आणि विमानात बसावं लागत नाही. "म्हंजे पाय ना, तो देश आपल्याचसाठी ठेवेल हाय," असं तो ज्याला त्याला सांगत सुटला.

मी आधी उडवून लावलं. पोरगा नऊ महिन्यांचा, नुकता बसायला लागलेला, त्याला घेऊन कुठं हिमालय गाठायचा? पण मग विचार केला, आपण जन्मभर मेथीच्या जुड्या बांधायच्या आणि लोकांनी दुबईचे फोटो टाकायचे, हे काही बरोबर नाही. आम्ही वाशिमच्या वेशीवर भाजीपाला करतो. वांगी, मेथी, पालक, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, पुण्याच्या पाहुण्याला एकदा मी "भाजीवर सांभार टाकू का?" असं विचारलं तर तो इडली शोधायला लागला होता. तर मी हो म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी बाजारात चार बायकांना सांगूनही टाकलं की आम्ही फॉरेनला चाललो. बाजारात सांगितलेली गोष्ट म्हणजे दगडावरची रेघ. आता माघार घेतली असती तर वांग्यांच्या आधी माझंच भरीत झालं असतं.

अडचण एकच होती, सासूबाई.

त्यांना नेपाळचं काही नव्हतं. त्यांना भीती वेगळीच होती आणि ती त्यांनी लपवलीही नाही. झालं असं होतं की माझे बाबा महिन्याभरानं कारंज्याहून नातवाला भेटायला आले. आधी हाच पोरगा त्यांच्या मिशा ओढून हसायचा. या खेपेला त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, ओठ काढला आणि असा काही भोंगा पसरला की घरात दरोडा पडला म्हणून शेजारीण धावत आली. बाबा बिचारे चहा न घेताच उठले. आम्ही हसून हसून लोळलो. सासूबाई पण हसल्या, पण मधेच थांबल्या.

"महिन्याभरात आजा चोट्टा झाला त्याच्यासाठी," त्या म्हणाल्या. "तुमी पंधरा दिवस त्याले घेऊन गेले, त मी निदान पाकीटमार त होईनच."

"आई, तुमीबी चाला ना मंग," मी म्हटलं. मनापासून म्हटलं, वरवर नाही.

"अन म्हशीले कोन पायते? तुहा बाप?"

हा प्रश्न बिनतोड होता. आमची म्हैस नुकतीच व्यालेली, आणि सासूबाईंशिवाय कोणी कासेला हात लावला की ती लाथेनं उत्तर देते. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले, त्यामुळे घरात सासूबाई, आम्ही दोघं, पोरगा आणि ही बया एवढीच माणसं. मी दिवसभर मळ्यात नाहीतर बाजारात. पोरगा सकाळपासून संध्याकाळपर्यंत आजीच्याच कडेवर. त्यांचं जग त्या कडेवरच होतं, हे मला कळत होतं. कळून मी काय करणार होते? फॉरेन तोंडातून निघून गेलं होतं.

मग त्यांनी एकेक फाटे फोडायला सुरुवात केली. तिकडं थंडी फार. तिकडचं पाणी लागते. लेकराला उचकी लागली तर समजायचं कसं कोण आठवण काढतंय, "एवढ्या दूरवर आठवनबी पोचते का नाई काय माहीत." नवऱ्यानं सगळ्याला हो हो केलं. शेवटी त्या पंचांग घेऊन बसल्या आणि त्यांना हवं ते सापडलं. आम्ही निघणार होतो बुधवारी, कारण मळ्याला पाणी द्यायला माणूस बुधवारपासूनच मिळणार होता. आणि नेपाळ उत्तरेला. मंगळवारी अन बुधवारी उत्तरेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेनं पाऊल टाकायचं नाही.

"मंग पस्तान ठेवा," नवरा पटकन म्हणाला आणि मी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. लग्नानंतर असे प्रसंग कमीच येतात.

पस्तान म्हणजे प्रस्थान. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू वाटेवरच्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला, असा हिशेब. मग माणसानं दोन दिवसांनी जाऊन ती उचलायची आणि पुढं चालू लागायचं. देवालाही फसवता येईल अशी ही सोय आपल्या लोकांनी काढून ठेवली आहे. अट एकच, ती वस्तू परत घरी आणायची नाही. आणली की प्रवास मोडला.

सासूबाई आपल्याच शास्त्रात सापडल्या. "ठीक हाय," त्या म्हणाल्या, "पन पस्तान मोडलं त जानं बंद. मंग मले कोनी काई म्हनायचं नाही." सोमवारी जऊळक्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे त्यांनी एक पिशवी दिली. जऊळक्याला नवऱ्याची आत्या राहते, वाटेवरच. पिशवीत सुपारी, तांदूळ आणि प्रवाशाची एक वस्तू. मी विचारलंसुद्धा नाही कोणती. हळदीत भिजवलेला रुमाल असेल, म्हटलं.

संध्याकाळी पोरगा झोपेला आला, डोळे चोळायला लागला आणि मी चिंधी शोधायला लागले.

ही चिंधी म्हणजे सासूबाईंच्या जुन्या पातळाचा हातभर तुकडा. तिचा मूळ रंग कोणता हे आता सांगता येणार नाही. पोरगा ती नाकाशी धरल्याशिवाय झोपायचा नाही. ती धुवायला घेतली की तो बादलीशी बसून रडायचा, म्हणून आम्ही धुणंच सोडून दिलं होतं. मला वाटायचं, तिला माझ्या दुधाचा वास येतो म्हणून त्याला ती लागते, आणि ही गोष्ट मी येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगायचे.

"आई, चिंधी कुठी हाय?"

"पस्तानात."

"काय?"

"परवासी कोन? तो. त्याची वस्तू कोनती? ते एकच त हाय त्याच्याजवळ. बाकी सारं तुमचं."

आता यात चूक काढून दाखवा. मला नाही काढता आली. त्या रात्री आमच्या घरात कोणी झोपलं नाही, शेजाऱ्यांच्याही नाही, आणि म्हशीनंसुद्धा सकाळी दूध कमी दिलं. सासूबाईंनी त्याला कडेवर घेतलं तेवढा वेळ तो गप्प राही, पण बाजेवर टेकवला की पुन्हा तेच. बारा गावची बायकामंडळी जमून रडावं तसा एकटा रडला.

सकाळी माझं डोकं फिरलं. "जातो अन आनतो चिंधी," मी चप्पल घातली.

"आन ना," सासूबाई म्हणाल्या. "पस्तान वापस आलं म्हंजे परवास मोडला. मी काई म्हनून नाई राह्यली."

म्हणत काहीच नव्हत्या, पण चेहऱ्यावर नुकत्याच सवाष्णी जेवून गेल्यासारखं समाधान होतं. मी दारातच उभी राहिले. चिंधी घरी आणता येत नाही. पोरगा चिंधीशिवाय झोपत नाही. आणि तेवढ्यात नवऱ्यानं आयुष्यातली दुसरी हुशारी केली.

"चिंधी पोराकडे येत नाई, त पोराले चिंधीकडे नेऊ."

"आज मंगळवार," सासूबाई म्हणाल्या. "उत्तरेले दिशाशूल."

"त्याचं पस्तान झालं माय. तो कालचाच निघेल हाय. आपल्यालेच दिसून राह्यला अठी."

सासूबाईंनी आता माझ्याकडे बोट केलं. "बरं, तो निघाला. पन इचं काय? इची कोनती वस्तू हाय पिशवीत?"

"दूध पेनारं लेकरू निघालं म्हंजे माय त्याच्यातच आली," मी म्हटलं. वेळ पडली की आम्हीही शास्त्र काढतो.

"अन तू?" त्यांनी लेकाला धरलं.

"मी डायवर. डायवरले दिशाशूल नसते. नाईतर मंगळवारी येश्टीच बंद ठेवा लागली असती."

अशा रीतीनं आमचा परदेशप्रवास मंगळवारी सकाळी सुरू झाला. गाडीत स्वेटर, कानटोप्या, गॅसची छोटी शेगडी, शेंगदाण्याची चटणी, लाल तिखट, ज्वारीचं पीठ, कारण तिकडं भाकर मिळेल की नाही कोण जाणे. बोनेटला हार. गाडी निघाली आणि चहा गरम होता होता जऊळक्याला पोचली.

आत्याबाई दारातच उभ्या होत्या, तोंड भरून हसत. स्वच्छतेचं वेड म्हणजे काय ते त्यांच्याकडे पाहावं. त्यांच्या घरी शेणाच्या गोवऱ्यासुद्धा पुसून ठेवलेल्या असतात. मी "पिशवी?" म्हणेपर्यंत त्यांनी अंगणाकडे बोट केलं. दोरीवर, उन्हात, दोन चिमटे लावून, पांढरीधोप, निळीत काढलेली आमची चिंधी फडफडत होती.

"वं माय!" माझ्या तोंडून निघालं.

"काहून? असं पोतेरं फॉरेनले नेता काय?" आत्याबाई म्हणाल्या. "तिकडचे लोक काय म्हनतीन, वाशिमवाल्याइले साबन माहीत नाई? दोन पान्यातून काढली मी. काय वास मारे बाप्पा!"

त्या चिंधीला आता सोडा, साबण आणि नीळ यांचा असा काही वास सुटला होता की दवाखान्यात बसल्यासारखं वाटलं. पोरानं ती नाकाशी नेली, हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि फेकून दिली. मग सुरू झाला. जऊळक्याच्या स्टेशनावर मालगाडी उभी होती, तिची शिट्टीसुद्धा त्याच्यापुढं लाजली.

मी म्हटलं, थांबा, दुधाचा वास आपणच परत आणू. चिंधी पोलक्यात खोचली आणि तासभर अंगणात येरझारा घातल्या. पोराला दिली. त्यानं पुन्हा फेकली. इतके दिवस गावभर मिरवत होते त्या माझ्या दुधाची इज्जत जऊळक्याच्या अंगणात मातीत पडली.

एवढ्यात गाव जमलं. हार घातलेली गाडी पाहून एकानं विचारलं, "आले काय नेपाळहून? मोठ्या लवकर आले." दुसरा म्हणाला, "कुठी चालले?" निघताना 'कुठे' विचारू नये हे त्याला आत्याबाईंनी ओरडून सांगितलं. त्यावर त्यानं "बरं, नाई विचारत, पन चालले कुठी?" असं विचारलं. एका आजोबांनी नवऱ्याला बाजूला घेतलं आणि "येताना एक रुद्राक्ष आनजो, पन खरा पाहूनच घेजो" असं बजावलं. नवरा खाली बसून डोकं धरून होता. रात्रभराची झोप नाही आणि कानाशी भोंगा.

"नाई होत आपल्याच्यानं," तो शेवटी म्हणाला. "घरात ऐकता येत नाई, त गाडीत दोन हात जागेत गोरखपूरपर्यंत कसं ऐकू? कॅन्सल." आणि त्यानं तिथंच आईला फोन लावला. "माय, तुहं जमलं. पोट्टं झोपत नाई, आत्यानं चिंधी धुतली. आमी वापस येतो."

मला रडू आलं. रागाचं होतं ते. बाजारातल्या त्या चार बायकांची तोंडं डोळ्यांपुढं आली. पोराला घेऊन फिरण्यातच तासभर गेला, मग कुठं मी पिशवी भरायला घेतली, तेवढ्यात फाटकाशी काळीपिवळी थांबली आणि तीतून सासूबाई उतरल्या.

"आई, आज उत्तरेले…" मी म्हणायला लागले.

"मी कुठी परवासाले निघाली? मी नातवाले पाहाले आली." त्यांनी पोराला घेतलं. तो त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून गप्प झाला, उसासे टाकत. मला वाटलं, झालं, आता त्या त्याला तसाच घेऊन काळीपिवळीत बसणार आणि आमचं नेपाळ इथंच संपणार. त्यांना फक्त एवढंच करायचं होतं. किंबहुना काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं.

त्यांनी चिंधी उचलली. नाकाशी नेली. "वं बाई," त्या नणंदेला म्हणाल्या, "लेकराचं सारं घरदारच धुऊन टाकलं तू." मग त्यांनी पोराला माझ्याकडे दिलं, चिंधी कमरेला खोचली आणि थेट चुलीपुढं जाऊन बसल्या.

पुढचा सगळा दिवस त्यांनी जे केलं ते पाहून आत्याबाईंना वाटलं वहिनीच्या डोक्यावर परिणाम झाला. परातभर भाकरी थापल्या. खायला माणसं चार. चिंधीला हात पुसले. कांदे कापले, चिंधीनं डोळे पुसले. मेथी निवडली, सांभार निवडला. केसांना खोबरेल चोपडलं आणि चिंधी डोक्याला गुंडाळून अंगणात लाकडं फोडायला घेतली.

"वयनी, बसा ना," आत्याबाई काकुळतीला आल्या. "पाव्हन्यानं काम करू नये."

"काम केल्याबिगर घाम कसा येईन? अन घामाबिगर वास कसा येईन? तुह्या घरात त धूरबी निरम्याचा येते."

थंडीचे दिवस, घाम काही लवकर येईना. तर त्यांनी माझ्या नवऱ्याचा स्वेटर चढवला, वर पोराची शाल घेतली आणि तशा अवतारात विहिरीवरून पाणी आणायला निघाल्या. नळ असताना. फाटकाशी बसलेल्या आजोबांनी हात जोडले. त्यांना वाटलं, नेपाळला निघालेलं माणूस ते हेच.

दुपार कलली तेव्हा आत्याबाईंना राहवलं नाही. "वयनी, खरं सांगू? यायनं जाऊ नये असंच त वाटते तुमाले. पोट्टं झोपलं नाई, त सारे वापस येतात. मंग हे कायले करून राह्यल्या?"

सासूबाईंनी परातीत पुन्हा पीठ घेतलं. "मले ते इसरन, हे माहं दुखनं हाय," त्या म्हणाल्या. "पन ते रडून राह्यलं ना वं."

मी पोराला घेऊन परसात गेले. मला गलबलून आलं होतं आणि त्याचाच राग येत होता. सासूबरोबर भांडायची सोय राहू नये याच्यासारखी अडचण नाही.

संध्याकाळी त्यांनी चिंधी कमरेतून काढली. पिवळट, तेलकट, पिठाचे डाग, कांद्याचा, धुराचा, म्हशीचा, सगळ्याचा मिळून एक वास. मला ओळखीचा वाटला. घरात शिरलं की रोज येतो तोच. पोरानं ती धरली. नाकाशी नेली. एकदा जोरात हुंगली, "आ" असा आवाज केला आणि अंगठा तोंडात घालून आत्याबाईंच्या चकचकीत फरशीवर आडवाच झाला. अर्ध्या मिनिटात घोरायला लागला. आत्याबाई पुटपुटल्या, "मी आता या घरात काईच नाई धुत."

तिकडे वाशिमला म्हशीनं शेजारणीला लाथ मारल्याचा फोन आला होता, म्हणून सासूबाईंना लगेच निघावं लागलं. सकाळपर्यंत त्या काही थांबू शकल्या नाहीत. त्यांनी झोपलेल्या पोराच्या तळहाताला दही लावलं, त्याच्या वतीनं स्वतःच म्हणाल्या, "येतो म्हना. जातो नाई म्हनायचं." नवऱ्यानं त्यांना स्टँडवर सोडलं. तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. धूळ गेली म्हणाला.

बुधवारी आम्ही निघालो. दिशाशूल असो नाहीतर काही असो, पोरगा गाडीत चिंधी नाकाशी धरून गाढ झोपलेला होता. कारंज्याच्या पुढं गेल्यावर सासूबाईंचा फोन आला.

"रडून राह्यला काय?"

"नाई आई. झोपला."

"चिंधी?"

"नाकाशी हाय."

फोनमध्ये मागं म्हैस हंबरत होती.

"धुजो नको वं बाई तिले," त्या म्हणाल्या. "कितीबी वास मारो. मी आहो त्याच्यात."

नाही धुतली. गोरखपूरच्या लॉजवाल्यानं गाडीत काही मेलं आहे का म्हणून विचारलं, काठमांडूच्या हॉटेलवाल्यानं नाकाला रुमाल लावला, तरी नाही धुतली.